मोडेन, वाकेन की वळेन?

'मोडेन पण वाकणार नाही' हे वाक्य मराठी माणूस दिवसातून एकदा तरी मनात म्हणतो आणि दोनदा तरी वाकतो. एकदा साहेबापुढे आणि एकदा चपलेचा पट्टा लावताना. वाकण्याला आपल्याकडे प्रतिष्ठा म्हणून नाही. वाकला तो लाचार, मोडला तो थोर! मात्र या थोरांचे तुकडे गोळा करून ज्या बायकांनी घरं चालवली, त्यांचा अभिप्राय अजून कुणी मागवलेला नाही.

मला अलीकडे तिसरीही एक शक्यता दिसू लागली आहे. ती म्हणजे वळणे. आणि ती दाखवली बोगीने. आपण सगळे रेल्वेच्या डब्यालाच बोगी म्हणतो. पण खरी बोगी म्हणजे डब्याखालची ती चार चाकांची चौकट. भार तिने वाहायचा आणि तिचं नाव डब्याने मिरवायचं, अशी आपली एकंदर रीतच आहे.

बोगी आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या चांगल्या परिचयाची. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली आणि येडशी, ढोकी करत 1911 मध्ये लातूरला पोचली. दोन रुळांत अंतर अवघे अडीच फूट. दोन पाट मांडायचे म्हटले तरी अडचण! एवढ्याशा रुळांवरून लांबलचक डबे न्यायचे, तेही वळणावळणाने. डब्याला सरळ घट्ट आस ठोकले असते, तर प्रत्येक वळणावर चाके रुळांना घासून किंचाळली असती. म्हणून डबे बोग्यांवर ठेवले. बोगीतल्या चाकांच्या जोड्या जवळजवळ, म्हणून ती चटकन वळते. दोन बोग्या एकमेकींपासून लांब, म्हणून डबा ठाम राहतो. बोगी मधल्या खुंट्याभोवती फिरते, डबा आपला सरळच्या सरळ. 2007-08 मध्ये ही लाइन ब्रॉडगेज होऊन धाराशिव गावातून जाऊ लागली, तरी बोगीचं तत्त्व तेच राहिलं.

आता आमच्या शेजारच्या गुरुजींना बोगी नाही. त्यांना आस थेट ठोकलेला आहे. 1972 च्या दुष्काळात बायाबापड्यांना रोजगार हमीच्या नव्हे, साध्या दुष्काळी कामावर खडी फोडताना त्यांनी पाहिलं आणि शपथ घेतली, की पंगत असेल त्या मांडवात पाऊल टाकणार नाही. शपथ सोन्यासारखी. पन्नासांवर वर्षं पाळली. भाच्यांची लग्नं झाली, पुतण्यांची झाली, गुरुजी घरीच. आणि आता पुढच्या महिन्यात नातीचं लग्न आहे. नात काही म्हणत नाही. ती काही म्हणत नाही, हेच सगळ्यांना जड जातं आहे.

नातीचा धाकटा भाऊ सुट्टीत पुण्याहून आला तो स्केटबोर्ड घेऊन. ओसरीवर ती फळी उलटी टाकून, हातात पाना घेऊन त्याने माझी शिकवणी घेतली. फळीखाली पुढे-मागे दोन 'ट्रक'. (अमेरिकेत रेल्वेच्या बोगीलाही ट्रकच म्हणतात.) प्रत्येकात एक तिरका खिळा, त्यावर रबराच्या जाड चकत्या, वर नट. आपण एका बाजूला झुकलो की पुढचा आस एकीकडे वळतो आणि मागचा बरोबर उलटीकडे. तरी दोघे मिळून एकच वर्तुळ काढतात.

"अगदी संसार!" मी म्हणालो. त्याला कळलं नाही; वय वर्षे चौदा.

दोन आसांत अंतर जास्त असलं तर फळी स्थिर, पण वळायला आळशी. कमी असलं तर चपळ, पण चंचल. फळीची भोकं तीच ठेवून नुसता वेगळ्या बांधणीचा ट्रक लावला आणि आस काही मिलिमीटर सरकला, तरी पायांना फरक कळतो म्हणे. नट आवळला तर वळवायला जोर लागतो. सैल सोडला तर फळी मनात आलं की वळते. पण उतारावर वेग आला की थरथरते आणि स्वाराला फेकून देते.

वाकण्याच्या बाजूने बोलणारे नेहमी पुरातल्या लव्हाळ्याचा दाखला देतात. पण लव्हाळ्याला कुठे जायचं नसतं! ज्याला जायचं आहे त्याने रबराकडे पाहावं. ते दबतं आणि पुन्हा आसाला मूळ जागी आणतं. 'थोडं लवचीक असावं हो' म्हणत टेबलाखालून पाकीट घेणारा माणूस लवचीक नसतो. त्याचं रबर केव्हाच गेलेलं असतं, तो वाकलेलाच राहतो. पैसा, सत्ता, भीती हे सगळे उतार. तिथे नट आवळलेलाच हवा. घरची गल्ली सपाट. तिथे थोडा सैल चालतो. आपण नेमकं उलट करतो. कचेरीत सैल आणि घरी घट्ट!

मी गुरुजींना म्हटलं, "गुरुजी, मांडवात चला. पंगतीला बसू नका. घरची भाकरी डब्यात घ्या, अक्षता टाका, कोपऱ्यात बसून भाकरी खा. डबा सरळ, फक्त बोगी वळली."

गुरुजी म्हणाले, "आज पाऊल टाकीन, उद्या कोणी आग्रह करील म्हणून घास घेईन, परवा शपथ कशाची होती तेच विसरेन. सैल झालेला नट आपणहून आवळला जात नाही."

हे खोटं नव्हतं. पन्नास वर्षं घट्ट राहिलेल्या माणसाला सैलपणाची भीती वाटायचा अधिकार आहे. आपल्यासारख्यांना ती वाटत नाही, कारण आपला नट कधीचाच हरवलेला असतो.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग गुरुजींनी चष्मा पुसला आणि ओसरीवरच्या नातवाला विचारलं,

"का रे, सैल करायचा म्हणजे एकदम किती?"

"पहिल्यांदा अर्धा फेरा, आजोबा," पोरगा म्हणाला, "आणि मग चालवून बघायचं."