तुलनेची ४७ गावं

फुटबॉलच्या मॅनेजरवर वाद घालायला चंद्रपूर ही काही जगातली पहिली जागा नव्हे. इथं कोळसा आहे, ताडोबा आहे, मे महिन्यातलं ४६-४७ अंशांचं ऊन आहे. तरी चॅम्पियन्स लीगच्या रात्री साडेबारा-दीडला उशीशी मोबाइल टेकवून मॅच बघणारी पोरं इथंही भरपूर आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांचं भांडण ठरलेलं असतं. "ग्वार्डिओलाचं काय सांगतं बे, एवढा पैसा असला तर कोणीबी जिंकते." "मंग दे ना तुया मोरिन्होले तेवढाच पैसा, पाहू जिंकते का."

हे भांडण मिटत नाही, कारण त्यात एक नाही तर तीन-चार प्रश्न मिसळलेले असतात. कप किती जिंकले? किती पैशात जिंकले? कसं खेळून जिंकले? आणि तो गेल्यावर क्लबचं काय झालं? प्रत्येक जण आपल्या आवडत्या मॅनेजरला सोयीचा प्रश्न उचलतो आणि त्यालाच खरा प्रश्न म्हणतो.

हा नुसता टाइमपास आहे असं मला वाटत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडेही मॅनेजर असतात आणि दरवर्षी अप्रेझलच्या वेळी हाच हिशोब होतो. प्रोजेक्ट चालला तर मॅनेजर भारी. क्लायंटनं त्याच्या अडचणीमुळे प्रोजेक्ट गुंडाळला तर मॅनेजर बेकार. शाळेचा मुख्याध्यापक, दवाखान्याचा प्रमुख, जिल्ह्याचा कलेक्टर, सगळ्यांना आपण याच मापानं मोजतो. कुणाला मोठं म्हणायचं हे ठरलं की पैसा, बढती आणि आदर कुणाकडे जाणार हेही ठरतं.

आधी कपाचंच बघू. क्लॉडिओ रानिएरीनं २०१६ च्या मे महिन्यात लेस्टर सिटीला इंग्लंडची लीग जिंकून दिली. त्याच्या आदल्या वर्षी हा क्लब खालच्या विभागात घसरता घसरता वाचला होता. सीझनच्या सुरुवातीला सट्टेबाजांनी लेस्टरच्या विजेतेपदाला ५००० ला १ असा भाव दिला होता. जगभर रानिएरीचं कौतुक झालं. २०१७ च्या फेब्रुवारीत त्याच क्लबनं त्याला काढून टाकलं. मधे गेले नऊ महिने. माणूस तोच, त्याची समज तीच. मग त्याचा मोठेपणा मे महिन्यात कुठून आला आणि फेब्रुवारीत कुठे गेला?

थॉमस नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये या अडचणीला एक नाव दिलं: 'मॉरल लक', म्हणजे नैतिक नशीब. आपण म्हणतो की माणसाला त्याच्या हातात असलेल्या गोष्टींवरून जोखावं. प्रत्यक्षात जोखतो ते बरंचसं हातात नसलेल्या गोष्टींवरून. फळावर नजर न ठेवता काम करत राहा, ही शिकवण आपल्या घराघरांत आहे. पण ती काम करणाऱ्यासाठी आहे. बाहेरून दुसऱ्याला जोखणाऱ्यानं काय करायचं? त्याला तर फळाशिवाय काही दिसतच नाही.

इथं मला शेजारच्या गडचिरोलीतली एक गोष्ट उपयोगी वाटते. तिचा फुटबॉलशी संबंध नाही आणि तिचं वजन कुठल्याही कपापेक्षा खूप जास्त आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये या जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था सुरू केली. नव्वदच्या दशकात त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं: बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं, गरज पडली तर इंजेक्शन देणं. हे काम ३९ गावांत झालं. पण त्यांनी आणखी ४७ गावांतल्या जन्ममृत्यूंचीही नोंद ठेवली, जिथं हे काम केलं नव्हतं. ३९ गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण हजारी ६२ वरून २५-२६ पर्यंत खाली आलं. ४७ गावांत ते ६० च्या आसपासच राहिलं. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत आशाताईंमार्फत देशभर गेली.

ती ४७ गावं नसती तर काय झालं असतं? कुणीही म्हणू शकलं असतं की रस्ते झाले, पाऊसपाणी बरं झालं, मृत्यू तसेही कमी झाले असते. तुलनेच्या गावांनी ती पळवाट बंद केली. आमच्या धंद्यात आम्ही ॲपचं नवं बटण अर्ध्या लोकांना दाखवतो आणि अर्ध्यांना नाही, ते याचसाठी.

फुटबॉलला ही ४७ गावं नाहीत. ग्वार्डिओला नसलेली मँचेस्टर सिटी त्याच सीझनमध्ये बाजूच्या मैदानावर खेळत नसते. त्यामुळे "त्याच्यामुळे जिंकले" या वाक्यातला 'मुळे' कधीच सिद्ध होत नाही. फार तर एकच माणूस वेगवेगळ्या ठिकाणी काय करतो ते बघता येतं.

यासाठी ब्रायन क्लफसारखं दुसरं उदाहरण नाही. त्यानं डर्बी काउंटी हा दुसऱ्या विभागातला क्लब वर आणला आणि १९७२ मध्ये लीग जिंकली. १९७४ मध्ये तो लीड्सला गेला, जो तेव्हाचा चॅम्पियन संघ होता. तिथं तो ४४ दिवस टिकला. मग नॉटिंगहॅम फॉरेस्ट: हाही दुसऱ्या विभागातलाच क्लब. १९७७ मध्ये वरच्या विभागात, १९७८ मध्ये लीग, १९७९ आणि १९८० मध्ये सलग दोनदा युरोपियन कप. चांगले खेळाडू मिळाले तिथं आपटला आणि साधे मिळाले तिथं युरोप जिंकला. पैसा असला की कुणीही जिंकतं, या म्हणण्याचं काय करायचं?

आता एक तपशील. डर्बीत क्लफबरोबर पीटर टेलर हा त्याचा सहकारी होता. लीड्सला टेलर गेला नाही. फॉरेस्टमध्ये क्लफ १९७५ च्या जानेवारीत आला, पण संघानं उसळी घेतली ती १९७६ मध्ये टेलर येऊन मिळाल्यावर. म्हणजे आपण ज्याला एक थोर मॅनेजर म्हणतो ती बहुधा दोन माणसं होती. आणि लीड्सचे खेळाडू आधीच्या मॅनेजरचे होते, त्यांनी क्लफला आपला मानलं नाही. यावरून मला एवढं तरी कळतं की मोठेपणा ही उंचीसारखी माणसाच्या अंगात घेऊन फिरायची वस्तू नाही. तो कोच आणि त्याचे खेळाडू यांच्या मधे कुठेतरी घडतो. मग तो शोधायचा तर खेळाडूंमध्ये शोधायला हवा.

आपल्याकडे असा एक माणूस होऊन गेला. आपला राजुरा तालुका एकेकाळी ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्या हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशानं शिक्षक. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत भारतानं त्यांच्या हाताखाली सुवर्ण जिंकलं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. १९६२ मध्ये जकार्तात जर्नेलसिंग या बचावपटूच्या डोक्याला मार लागून टाके पडले होते. रहीमसाहेबांनी त्याला पुढे, सेंटर फॉरवर्डला खेळवलं. दक्षिण कोरियाविरुद्धच्या फायनलमध्ये भारत २-१ नं जिंकला आणि त्यातला एक गोल जर्नेलसिंगचा होता. दुसरा पी. के. बॅनर्जींचा. रहीमसाहेबांना तेव्हा कॅन्सर होता. १९६३ च्या जूनमध्ये ते गेले.

पुढचा हिशोब अवघड आहे. १९६४ च्या आशिया कपमध्ये भारत दुसरा आला. १९७० च्या आशियाई स्पर्धेत कांस्य मिळालं, तेव्हा प्रशिक्षकांत पी. के. बॅनर्जी होते, म्हणजे त्यांचाच खेळाडू. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं एकही पदक नाही. एक जण म्हणेल, बघा, ते गेले आणि सगळं गेलं, एवढे ते मोठे होते. दुसरा म्हणेल, मागं काही उभं केलं नाही, मग कसले मोठे? पुरावा एकच आणि निष्कर्ष उलटे. फर्ग्युसनबद्दलही हेच बोललं जातं: २६ वर्षांत १३ लीग, आणि २०१३ मध्ये तो गेल्यावर पुढच्या दहा वर्षांत मँचेस्टर युनायटेडची एकही नाही.

मला वाटतं, इथं दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. संस्था टिकवणं हे मंडळाचं, मालकांचं, फेडरेशनचं काम. त्यांच्या नालायकीचं बिल गेलेल्या कोचच्या नावावर फाडू नये. पण खेळाडूच्या डोक्यात काय उरलं ही कोचची जबाबदारी. बॅनर्जी पुढे स्वतः कोच झाले आणि पदक आणलं, ते रहीमसाहेबांच्या खात्यात थोडं तरी जमा करायला हवं.

आता कपापासून अगदी दूर जाऊ. चंद्रपूरहून दीडशे किलोमीटरवर नागपूर. तिथल्या हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे क्रीडाशिक्षक होते. पावसात झोपडपट्टीतली पोरं एक फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. त्यातून २००१ च्या सुमारास झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाला, पुढे 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली, होमलेस वर्ल्ड कपला भारताचे संघ गेले, २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळेंचा २०२२ चा 'झुंड' याच कामावर आहे. बारसे सरांच्या नावावर आपण टीव्हीवर बघतो तसली एकही लीग नाही. त्यांना मोठा कोच म्हणायचं का?

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ते समाजकार्य झालं, कोचिंग वेगळं. फुटबॉल जिंकण्यासाठी खेळतात. मायाळू डॉक्टरचे रोगी बरेच होत नसतील तर त्याला मोठा डॉक्टर कोण म्हणेल? मला हे पटतं. खेळाडू आपल्या आयुष्यातली चांगली पाच-दहा वर्षं देतो ती जिंकण्याच्या इच्छेनं. त्या इच्छेची थट्टा करणारा कोच कितीही गोड बोलला तरी खेळाडूला फसवतोच. म्हणजे कप निरर्थक नाही.

पण उलटी बाजूही बघा. समजा एखादा कोच जिंकतो, आणि त्यासाठी सतरा वर्षांच्या पोराला दुखऱ्या गुडघ्यावर इंजेक्शन मारून खेळवतो. पोराचा खेळ विसाव्या वर्षी संपतो, कप कोचच्या कपाटात राहतो. त्याला यशस्वी म्हणा हवं तर. मोठा म्हणताना जीभ अडखळते ना? कारण त्यानं पोराला पायरीसारखं वापरलं. म्हणजे जिंकण्यासाठी मनापासून झटणं लागतं, आणि ज्यांच्या जिवावर झटायचं ती माणसं शेवटी आधीपेक्षा मोकळी, समर्थ झालेली असणंही लागतं. बारसे सरांकडची पोरं कुठून निघाली आणि कुठे पोचली हे बघितलं, तर ते या मापात नक्की बसतात.

एक शेवटचा मुद्दा मला फुटबॉलच्या नियमांतूनच सुचतो. कबड्डीत टाइमआउट असतो. क्रिकेटमध्ये दर षटकानंतर कॅप्टन चार शब्द बोलू शकतो, मैदानात निरोप जातो. फुटबॉलचा मॅनेजर मात्र शिट्टी वाजली की जवळपास निरुपयोगी. पाच खेळाडू बदलायचे, मधली १५ मिनिटं बोलायचं, बाकी रेषेबाहेर हातवारे. तो शिकवतो ते सगळं त्याच्या गैरहजेरीत वापरलं जाण्यासाठीच असतं. गडचिरोलीतल्या आरोग्यदूत बाईचंही तसंच. रात्री दोन वाजता बाळ श्वास घेईना, तेव्हा झोपडीत ती एकटी असते, डॉक्टर बंग तिथं नसतात. आमच्याकडे रात्री सर्व्हर कोसळतो आणि मॅनेजर विमानात असतो, तेव्हा ड्युटीवरची नवी मुलगी काय करते त्यावरून मला त्या मॅनेजरबद्दल जे कळतं, ते त्याच्या शंभर प्रेझेंटेशनमधून कळत नाही. फोन उचलला जाईपर्यंत हातावर हात धरून बसायला त्यानं शिकवलंय, की स्वतः बघून ठरवायला?

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं तर हे टोकाला नेलंय. तिथली ग्रामसभा बहुमतानं नाही तर सर्वांच्या सहमतीनं निर्णय घेते. देवाजी तोफांचं नाव सगळे घेतात, पण हुकूम एकट्या देवाजींचा चालत नाही. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत हे गाव आहे. संघ असा चालवता येणार नाही, अकरा जणांची सहमती होईस्तोवर गोल होऊन जाईल. पण सरावाच्या मैदानावर, मॅचच्या आदल्या संध्याकाळी, "आपण असं का खेळतोय" हे प्रत्येकाला पटलेलं असणं, एवढी सहमती मोठे कोच मिळवतात. हुकूम विसरला जातो, पटलेलं टिकतं.

म्हणून मी तीन प्रश्न विचारेन. त्याच्या हातात काय होतं? त्याच्याकडून जाताना खेळाडू काय झाले, बेंचवर बसलेले धरून? आणि तो समोर नसताना त्यांनी काय केलं? या मापात एक मोठी खोट आहे: उत्तर मिळायला दहा-वीस वर्षं लागतात, आणि क्लबचा मालक सोमवारपर्यंत थांबत नाही. रानिएरीला काढायचं की ठेवायचं हे माझ्या तीन प्रश्नांनी ठरलं नसतं. नोकरीचा निर्णय आणि मोठेपणाचा निर्णय वेगळे आहेत, एवढं मान्य करून पुढे जावं लागेल.

पण आपल्याला तर सोमवारची घाई नाही. २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले. त्यांचे फोटो सगळ्यांनी बघितले आणि बघायलाच हवे होते. त्यांच्याबरोबर तयारी करून शिखरावर न गेलेली मुलंही होती. ज्यांनी त्यांना शिकवलं त्यांनी पोचणाऱ्यांना आणि न पोचणाऱ्यांना सारखंच शिकवलं असणार. जिवतीत, एटापल्लीत, भामरागडमध्ये आजही कुणीतरी क्रीडाशिक्षक पोरांना पळवतोय, आणि त्याच्या पोरांपैकी बहुतेकांचा फोटो कुठेच येणार नाही. त्याचं काम कसं आहे हे कळायचं असेल तर ट्रॉफीचं कपाट बघून उपयोग नाही. त्याच्याकडून दहा वर्षांपूर्वी शिकून गेलेल्यांना शोधावं लागेल, त्यातही संघात न घेतलेल्यांना आधी.