कारभाऱ्याचे उत्तर

खोटे बोलण्याचे पाप माणसांनी करावे, यंत्रांनी नव्हे, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. यंत्र बिघडेल, अडेल, चुकेल. परंतु सरळ विचारलेल्या प्रश्नाला ते जाणूनबुजून खोटे उत्तर देईल, हे कधी माझ्या मनातही आले नव्हते. ही समजूत आमच्या शाळेच्या कचेरीत एका दुपारी ढासळली, आणि तिला निमित्त झाला निकालपत्रके तयार करणारा एक जुना प्रोग्रॅम.

हा प्रोग्रॅम गावातल्याच एका हौशी तरुणाने कधी काळी आम्हांला करून दिला होता. गुण भरावेत, एक कळ दाबावी आणि वर्गवार निकाल छापून निघावा, असे त्याचे साधे काम. पुढे जुना संगणक निकामी झाला, नवा आला. त्यावर विंडोज १० होते. प्रोग्रॅम सुरू केला तर पडद्यावर एवढीच ओळ उमटे, की मी फक्त विंडोज एक्सपीवर चालतो; आणि स्वारी मिटून जाई. निकाल तीन दिवसांवर आलेला. हेडक्लार्क कपाळाला हात लावून बसले. अखेर आमच्या शिपायाच्या मुलाला बोलावणे गेले. पोरगा नुकताच डिप्लोमा झालेला. त्याने माऊसची उजवी कळ दाबली, एक चौकट उघडली, तिच्यात कुठेशी खूण केली आणि म्हणाला, "सर, आता चालवा."

प्रोग्रॅम निमूटपणे चालू लागला.

"काय केलंस रे?" मी विचारले.

"काही नाही सर. विंडोजला सांगितलं, हा विचारील तेव्हा एक्सपी आहे म्हणून सांग."

कचेरीत हशा पिकला. मी मात्र ते वाक्य डोक्यात घेऊन घरी आलो.

नंतर मी त्या मुलाला चार संध्याकाळी चहाला बोलावून या गोष्टीची खोदून खोदून चौकशी केली. त्याने सांगितले ते मला माझ्या शब्दांत असे समजले. प्रोग्रॅम हा वाड्यावर उतरलेला पाहुणा. वाडा म्हणजे यंत्र, आणि वाड्याचा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. पाहुण्याने ओसरीच्या आत पाऊल टाकायचे नाही, असा दंडक आहे. वाड्यात खोल्या किती, कोठारात धान्य किती, म्हणजे स्मृती किती, प्रोसेसरचे गाभे किती, पडद्याची रुंदी केवढी, हे सारे त्याने कारभाऱ्यालाच विचारायचे. 'आपण कोण? कितव्या आवृत्तीचे?' हाही प्रश्न त्यालाच. कारभारी सांगेल ते खरे. पाहुण्याला स्वतः उठून पाहण्याची सोय बहुतेक ठिकाणी नाहीच.

एक प्रश्न मात्र थेट प्रोसेसरला विचारता येतो. सीपीयूआयडी नावाची एक आज्ञा आहे. ती दिली की प्रोसेसर आपल्या घराण्याचे नाव बारा रोमन अक्षरांत सांगतो. इंटेलचा सांगतो 'जेन्युइनइंटेल', एएमडीचा सांगतो 'ऑथेंटिकएएमडी'. दोघेही आपल्या तोंडाने आपण अस्सल असल्याची ग्वाही देतात. बाजारातल्या तूपवाल्यांची आठवण व्हावी! पण तेही खरे धरता येत नाही. हल्ली एका यंत्राच्या पोटात दुसरे आभासी यंत्र चालवतात. तिथे आतल्या प्रोग्रॅमने प्रोसेसरला हाक मारली, तरी ती आधी बाहेरच्या कारभाऱ्याच्या कानावर पडते आणि तो हवे ते उत्तर तिच्या पदरात टाकू शकतो. बत्तीस गिगाबाइटांचा वाडा त्या पाहुण्याला दोन गिगाबाइटांची झोपडी म्हणून दाखवता येतो.

हे कारभारी खोटे का बोलतात? लबाडी म्हणून नव्हे. विचारणारे फार अडाणीपणाने विचारतात म्हणून. विंडोज एक्सपीचा आतला क्रमांक ५.१. तेव्हाच्या प्रोग्रॅमलेखकांना आपला प्रोग्रॅम एक्सपी किंवा तिच्यापुढच्या आवृत्तीवरच चालावा असे वाटे. त्यासाठी काहींनी अट घातली, की पहिला आकडा ५ किंवा जास्त हवा, आणि दुसरा १ किंवा जास्त हवा. मग व्हिस्टा आली. तिचा क्रमांक ६.०. पहिला आकडा मोठा, पण दुसरा शून्य. म्हणून तिच्यावर हे प्रोग्रॅम अडून बसले. शाळेत प्रवेशासाठी पाच वर्षे एक महिना वय हवे असा नियम असावा, आणि बरोबर सहा वर्षांच्या मुलाला 'तुझ्या वयात महिना शून्य आहे' म्हणून परत पाठवावे, त्यातली ही गत. २००९ साली विंडोज ७ निघाली, तेव्हा नाव ७ असूनही तिचा आतला क्रमांक ६.१ ठेवला गेला. जुने प्रोग्रॅम बिघडू नयेत म्हणून, असे कंपनीने स्वतःच सांगितले होते. इतरांची कथा निराळी नाही. २०११ साली लिनक्स २.६ वरून ३.० वर गेली, तर गोंधळलेल्या प्रोग्रॅमांसाठी तिच्यात एक सोय करावी लागली, की मागेल त्याला अजून २.६ च सांगावे. अ‍ॅपलची प्रणाली २०२० साली ११ झाली; जुन्या साधनांनी बांधलेल्या प्रोग्रॅमांना ती आपले वय १०.१६ सांगते.

आम्हां शिक्षकांना यात हसण्याजोगे काही नाही. माझ्या वर्गसोबत्यांत कितीतरी जण १ जूनला जन्मलेले होते. एकाच दिवशी इतकी पोरे जन्मायला गावात काही तशी सुईण नव्हती! खरी तारीख आईबापांना ठाऊक नसे, रजिस्टरला तारखेवाचून चालत नसे, आणि मूल शाळेबाहेर राहू नये असे गुरुजींना वाटे. ते १ जून लिहून मोकळे होत. त्या खोट्या तारखांवर कितीतरी माणसे शिकली. त्या गुरुजींना खोटारडे म्हणण्याचे धैर्य मला तरी नाही.

चोराला दिलेले खोटे उत्तर मला फारसे सतावत नाही. काही घातकी प्रोग्रॅम यंत्रात शिरताच प्रथम चौकशी करतात, की हे खरे यंत्र की आपल्याला पकडण्यासाठी मांडलेले आभासी यंत्र? आभासी आहे असे दिसले की ते साळसूदपणे गप्प बसतात. म्हणून त्यांचा अभ्यास करणारे लोक आभासी यंत्राला खऱ्याचा मुखवटा चढवतात. कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७९७ साली असे प्रतिपादले, की दाराशी आलेल्या खुन्यालाही खोटे सांगू नये. तो मोठा माणूस; पण त्याच्या दाराशी असा कुणी आला नसावा, असे मला वाटते.

अडचण येते ती आपल्या माणसाला दिलेल्या खोट्या उत्तराची. द्रोणाचार्यांनी अश्वत्थाम्याविषयी धर्मराजालाच विचारले, कारण तो खोटे सांगणार नाही याची त्यांना खात्री होती. प्रोग्रॅम कारभाऱ्याला विचारतो तोही असाच. दुसऱ्या कुणाला विचारण्याची सोयच नसते.

चार वर्षांपूर्वी माझ्या आईला कावीळ झाली. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, फार तर सहा महिने. मी बाहेर आलो. आई बाकावर बसली होती. "काय म्हणाले रे डॉक्टर?" मी म्हणालो, "काविळीचा जोर आहे. पथ्य पाळलं की उतरेल." ती म्हणाली, "बरं." पुढले पाच महिने ती अधूनमधून हा प्रश्न विचारी आणि मी तेच उत्तर देई. नव्या यंत्राने जुना आकडा सांगावा, तसे. खरे सांगितले तर ती तिथल्या तिथे मिटून जाईल, अशी माझी धास्ती होती. ज्यांनी आपल्या माणसासाठी कधी असे उत्तर दिले आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

तेव्हा मी स्वतःला दोष दिला नाही. दोष दिसू लागला तो त्या मुलाने चौथ्या संध्याकाळी एक बारकावा सांगितला तेव्हा. २०१३ साली आलेल्या विंडोज ८.१ पासून कारभाऱ्याने नियमच केला, की आवृत्ती विचारणाऱ्याला सरसकट ६.२, म्हणजे आधीच्या विंडोज ८ चा आकडा सांगायचा. परंतु उत्तर देण्यापूर्वी तो एक गोष्ट पाहतो. प्रोग्रॅमबरोबर एक छोटा कागद येऊ शकतो. त्याला मॅनिफेस्ट म्हणतात. प्रोग्रॅम कोणकोणत्या आवृत्त्या ओळखून आहे, हे त्याच्या कर्त्याने त्यावर लिहिलेले असते. नव्या आवृत्तीची खूण त्या कागदावर असली, तर कारभारी खोटे बोलत नाही. खरा आकडा सांगतो. कागद नसेल त्यालाच जुना आकडा.

चहाचा कप माझ्या हातातच राहिला.

आईच्या चकलीच्या भाजणीचे प्रमाण आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते. सौ.ने लग्नानंतर कितीदा तरी विचारले असेल. "अगं, हाताचा अंदाज असतो," एवढेच उत्तर मिळायचे. आजारपणातली ती दिवाळी आली. आई चुलीपाशी गेलीच नाही. तिने सौ.ला हाक मारली आणि म्हणाली, "वही आण. प्रमाण लिहून घे." तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, असे तिने सावकाश, वाटी हातात धरून दाखवीत सांगितले. मी पलीकडच्या खोलीत पणत्यांच्या वाती वळीत बसलो होतो. सारे ऐकत होतो. मला वाटले, थकली बिचारी. त्याच आठवड्यात तिने पेटीची किल्ली सौ.च्या हाती दिली होती. पोस्टातल्या पुस्तकावर वारसाचे नाव घालायला मला पाठवले होते. भिशीतून नाव काढून घेतले होते. हे सगळे कागद माझ्या डोळ्यांसमोरून गेले, आणि मी एकही वाचला नाही. एक निर्जीव कारभारी उत्तर देण्यापूर्वी पाहतो तेवढेही मी पाहिले नाही.

दुर्बळाला खोटे सांगावे की नाही, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. गुरुजींच्या १ जूनला मी आजही नावे ठेवणार नाही. पण समोरचा दुर्बळ आहे हे ठरवले कुणी? मीच. त्याचा दाखला काय? माझी धास्ती. आणि कधी कधी रात्री निराळाच विचार येतो. तिला सारे ठाऊक होते, तर ती पुन्हा पुन्हा मला विचारीत का होती? माझे तेच उत्तर ऐकून दर वेळी "बरं" का म्हणत होती? कदाचित खरा आकडा ऐकून मिटून जाणारा जुना प्रोग्रॅम मीच आहे, असे तिने ओळखले असेल. माझ्याबरोबर तरी कुठे कागद होता?

गेल्या आठवड्यात भाजणीसाठी सौ.ने ती वही काढली. मी मुद्दाम चष्मा लावून ते पान वाचले. धने, जिरे, सगळे प्रमाण संपल्यावर खाली एक ओळ आहे. अक्षर सौ.चे, शब्द आईचे, जसे बोलली तसे उतरवलेले. 'या खेपेला उडीद जास्त वाटतो, पुढच्या वर्षी अर्धी वाटी कमी घ्या.'

घेऊ नव्हे, घ्या.