काय लावतेस?

सोलापुरात मे महिन्यात लग्न असलं की मांडवात शिरणारा प्रत्येक चेहरा तापलेलाच असतो, त्यामुळे दिवसभर माझ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. संध्याकाळी बाकीचे निवले, मी निवले नाही. आत्याने मला ट्यूबलाइटखाली ओढलं, गालाला पालथा हात लावला आणि म्हणाली, "अगं, ताप आहे तुला!" ताप नव्हता. गाल तेवढे कढत होते, आणि गेली दोन वर्षं ते तसेच होते. मग तिने तो प्रश्न विचारला: "काय लावतेस?"

तोवर हा प्रश्न मला दूधवाला सोडून सगळ्यांनी विचारून झाला होता. उत्तराची वाट न बघता प्रत्येकीने उपायही सांगितला होता. आत्याची कोरफड, जाऊबाईंची मुलतानी माती, ऑफिसातल्या मैत्रिणीचा लिंबूरस आणि मध, शेजारच्या काकूंची दुधात वाटलेली मसुरीची डाळ. मी सगळं लावलं. दुखणं चेहऱ्यावर असलं की माणूस जरा जास्तच आज्ञाधारक होतो. दोन वर्षांत "काही लावू नकोस" असं मात्र एकीनेही म्हटलं नाही.

म्हणणार तरी कशी? आपल्याकडे माया लावायची असते, लळा लावायचा असतो, जीव लावायचा असतो. अशा भाषेत वाढलेल्या बाईला दुखऱ्या गालाला काहीच न लावणं म्हणजे त्या गालाची आबाळ वाटणार. मला या सगळ्यांचा राग येत नाही. पण तापलेला चेहरा निववायचा म्हणजे त्याच्यावर काय घालायचं, ही आपली समजूतच मुळात उलटी आहे, असं आता माझं मत झालं आहे. त्याच्यावरून काय काढायचं, हा खरा प्रश्न.

शेवटी ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, त्यांनी पहिला प्रश्न वेगळाच विचारला. "झोंबतं, चुरचुरतं, की खाज येते?" मी गोंधळले. एरवी हे शब्द आपण किती चोख वापरतो. मिरचीचा हात डोळ्याला लागला की झोंबतं, खरचटल्यावर साबण लागला की चुरचुरतं, पित्ताच्या गांधी उठल्या की खाजतं. डॉक्टरांच्या लेखी हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता. खाज जास्त असेल तर ॲलर्जीचा संशय आधी घ्यायचा. आग आणि झोंबणं जास्त असेल तर रोझेशियाकडे, नाहीतर त्वचेच्या फाटलेल्या आवरणाकडे बघायचं. मी म्हटलं, "आग होते. फोडणी घातली तरी होते."

रोझेशिया म्हणजे लॅटिनमध्ये गुलाबासारखा. गाल, नाक, कपाळ आणि हनुवटी सारखी लाल होणं, वरचेवर तापणं, मधूनच पुटकुळ्या येणं, असं हे जुनाट दुखणं आहे. युरोपात त्याला केल्ट लोकांचा शाप म्हणायचे, कारण गोऱ्यापान आयरिश आणि स्कॉटिश गालांवर ते दुरूनही दिसतं. पाठ्यपुस्तकांतले फोटोही बहुतेक तसल्याच गालांचे. आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीवर तेच दुखणं तांबूस, जांभळट, कधी नुसतं काळपट दिसतं. लोक म्हणतात, "रापलीस गं." उन्हात हिंडल्यामुळे रापली असं ठरलं की पुढे कुणी विचारत नाही. डॉक्टरीणबाईंनी काचेची पट्टी गालावर दाबली, दाबल्या जागी रंग फिका पडला, काढली तसा परत भरला. म्हणजे रंग कातडीत मुरलेला नव्हता, बारीक रक्तवाहिन्या फुलल्या होत्या. आत्याच्या पालथ्या हाताला हे काचेशिवाय कळलं होतं, तेवढं श्रेय तिला दिलंच पाहिजे.

पट्टी ठेवून त्यांनी विचारलं, "नळी कुठली?"

मी पर्समधून काढून दिली. पिंगट पडलेली, शेवटपर्यंत गुंडाळत आणलेली. भावाच्या लग्नाआधी पुटकुळीचा एक डाग राहिला होता, तेव्हा कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने दिली होती. आठ दिवसांत डाग गेला, वर चेहरा असा उजळला की लग्नात दोघींनी नळीचं नाव लिहून घेतलं. बंद केली तर गालांची आग. परत लावली की तासाभरात गार. दोन वर्षं मी समजत होते की दुखणं माझं आहे आणि नळी त्याचं औषध. प्रकरण नेमकं उलटं होतं. नळीत स्टेरॉइड होतं.

या औषधाची कहाणी वाचली तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. १९५२ साली सुल्झबर्गर आणि विटन या अमेरिकी डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिझोन कातडीवर लावून गुण येतो हे दाखवलं. इसब झालेल्यांना हे वरदानच होतं, आणि आजही आहे. पुढे जास्त जोरकस स्टेरॉइडं आली, तेव्हा कुठलं किती जोरकस हे मोजायचं कसं? १९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी सोपी युक्ती काढली. निरोगी माणसाच्या हातावर औषध लावायचं आणि ती जागा किती पांढुरकी पडते ते बघायचं. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे जितकं जोरकस औषध तितकी फिकट कातडी. म्हणजे प्रयोगशाळेत जी औषधाच्या ताकदीची खूण होती, तीच आमच्या बाजारात त्याची जाहिरात झाली. डाग जातो, आणि वर गोरं करतं!

आकसलेल्या रक्तवाहिन्या कायम आकसून राहत नाहीत. औषध थांबलं की त्या दुप्पट जोमाने फुलतात. मधल्या काळात कातडी पातळ होते, तिच्यातून रक्तवाहिन्यांची जाळी दिसू लागते, गालावर लव वाढते. १९७४ साली फिलाडेल्फियाच्या आल्बर्ट क्लिगमन यांनी सहकाऱ्यांबरोबर लेख लिहून या चेहऱ्याला 'स्टेरॉइड रोझेशिया' म्हटलं. याच क्लिगमन यांनी पुढच्याच वर्षी डाग घालवण्यासाठी तीन औषधांचं मिश्रण सुचवलं, आणि त्या तिनांतलं एक स्टेरॉइड होतं. त्याच धर्तीची तिहेरी मिश्रणं पुढे आपल्याकडे दुकानादुकानांत पोहोचली. (होम्सबर्गच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या कातडीवर वर्षानुवर्षं प्रयोग करणारेही हेच गृहस्थ. त्यांच्या विद्वत्तेबद्दल वाद नाही.)

आपल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशभरातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले होते. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, आणि निम्म्याहून जास्त जणांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सांगितलेलं होतं. १२६ जण तर ते गोरेपणाचं किंवा दाढीनंतरचं साधं क्रीम म्हणून वापरत होते. कोलकात्याचे डॉ. कौशिक लाहिरी आणि त्यांचे सहकारी या अवस्थेला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' म्हणतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे मलम असलं तरी चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. मला नळी मिळाली ती त्यानंतर. औषधवाल्याने चिठ्ठी मागितली नाही आणि मीही मागितली जाईल अशी अपेक्षा केली नाही. दोघांचा हिशोब सारखाच.

"आता काय लावू?" मी विचारलं. सवयच ती.

उत्तर अगदीच कळाहीन होतं. कोमट पाणी. साबण नसलेलं सौम्य फेसवॉश, तेही दिवसातून दोनदा. बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. सकाळी झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. त्यांनी लिहून दिलेलं एक जेल आणि काही दिवस गोळ्या. नळी त्यांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने बंद. डाळ, माती, लिंबू, गुलाबपाणी, स्क्रब, वाफारा सगळं त्या दिवसापासून बंद. आणि वर ताकीद, "तीन-चार आठवडे आधी वाढेल. घाबरून पुन्हा नळीकडे जाऊ नका."

वाढलं. तिसऱ्या आठवड्यात उशीचा अभ्रा गालाला लागला तरी नको वाटायचं. पण कपाटात सात बाटल्या असताना एकीलाही हात लावायचा नाही, याचा त्रास आगीहून जास्त होता. काही न करणं हे कष्टाचं काम आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

कातडीचा सगळ्यात वरचा थर कागदाहून पातळ असतो. मेलेल्या पेशींच्या विटा आणि मधे स्निग्ध पदार्थांचा चुना, अशी त्याची रचना शास्त्रज्ञ सांगतात. ही भिंत ओल आत धरते आणि बाहेरचं बाहेर ठेवते. तिचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, पाचच्या आसपास असतो. अंघोळीचा साबण नऊ-दहाच्या घरात, लिंबाचा रस दोनच्या आसपास. मी सकाळी साबणाने चुना खरवडायची, दुपारी लिंबाने भाजायची, रात्री डाळीच्या रव्याने विटा घासायची आणि वर विचारायची, भिंत ओलावा का धरत नाही? तिला गवंडी नको होता. दुरुस्ती ती आपली आपण करते, साधारण महिनाभरात नवा थर खालून वर येतो. फक्त तेवढा वेळ तिला कुणी टोचायला नको.

जुन्या लोकांना हे कळत नव्हतं असंही नाही. आयुर्वेदात शतधौत घृत आहे, तूप पाण्याने शंभर वेळा धुऊन केलेलं, अंगाच्या दाहावर लावायचं. ग्रीक वैद्य गेलनच्या नावावर मेण, तेल आणि गुलाबपाण्याचं मलम आहे, त्याच्यापासूनच कोल्ड क्रीम आलं. दोन्हींत पाणी उडतं आणि गार वाटतं, स्निग्धता मागे राहते, बस. उजळवण्याचा, खरवडण्याचा, रंग बदलण्याचा दावा त्यांत नाही. तूप प्रत्येकाच्या चेहऱ्याला मानवेल असं मी म्हणत नाही, पुटकुळ्यांच्या चेहऱ्याला तर नाहीच. पण त्या वैद्यांची अपेक्षा किती माफक होती, ते बघा.

खाण्यापिण्याचं थोडक्यात सांगते. मिरचीने तोंड 'भाजतं' असं आपण म्हणतो ते अक्षरशः खरं निघालं. मिरचीतलं कॅप्सेसिन आणि साधारण ४३ अंशांवरची उष्णता शरीराला एकाच दारातून कळते. ते दार शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. तेव्हा ठेच्याने गाल पेटतात ही माझी तक्रार मनाचा खेळ नव्हती. चहाची मात्र मला धास्ती होती, कारण चहा सोडून जगण्यात अर्थ नाही. दिलासा असा की १९८१ च्या एका अमेरिकी प्रयोगात रोझेशिया झालेल्यांचे चेहरे गरम कॉफीने जसे लाल झाले तसेच नुसत्या गरम पाण्यानेही झाले, गार कॉफीने झाले नाहीत. दोष कढतपणाचा, कॉफीचा नाही. माझे आजोबा चहा बशीत ओतून, फुंकर घालून प्यायचे. ऑफिसात मी आता तसाच पिते. लोक बघतात.

लोक बघतात, यावर डार्विनने फार विचार केला होता. १८७२ च्या, भावना चेहऱ्यावर कशा उमटतात याबद्दलच्या पुस्तकात त्याने लाजून लाल होण्याला जवळजवळ एक अख्खं प्रकरण दिलं आहे. त्याचा मुद्दा असा, की दुसरा आपला चेहरा बघतो आहे या जाणिवेने आपलं लक्ष चेहऱ्याकडे जातं आणि तो लाल होतो. त्याने सांगितलेली कारणं राहू देत, पण मी ते आरशासमोर अनुभवलं आहे. दर अर्ध्या तासाने गाल बघायची, बघितले की तापायचे, तापले म्हणून परत बघायची. डॉक्टरीणबाईंच्या यादीत नव्हती अशी एकच गोष्ट मी माझ्या मनाने केली. बेसिनवरचा आरसा काढला. सनस्क्रीन बोटांना न बघताही लावता येतं.

पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात गिर्लांदायोचं साधारण १४९० चं एक चित्र आहे. लाल झग्यातले म्हातारे आजोबा आणि मांडीशी बिलगलेला नातू. आजोबांचं नाक गाठीगाठींनी फुगलेलं आहे, रोझेशिया फार वाढला की होतं म्हणून डॉक्टर दाखवतात तसं. चित्रकाराने एकही गाठ लपवलेली नाही. पोरगं मान वर करून त्या नाकासकट आजोबांकडे टक लावून बघतं आहे, आणि त्याच्या चेहऱ्यावर कसलाच प्रश्न नाही.

गेल्या दिवाळीला आत्या भेटली. पालथा हात लावून बघितलं आणि म्हणाली, "निवलीस की! काय लावतेस?" मी म्हटलं, "काही नाही." तिला ते खरं वाटलं नाही. मी लपवते आहे, असं ती नंतर जाऊबाईंना म्हणाली.

तुमच्याही आरशासमोर एखादी नळी असेल. मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एखादं नाव दिसलं आणि ती कुठल्या डॉक्टरांनी, किती दिवसांसाठी दिली होती हे आठवत नसेल, तर नव्याने कुणाला नाव लिहून देऊ नका. बरेच दिवस लावत असाल तर एकदम फेकूनही देऊ नका. ती नळी घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.