तटाबाहेरची जिंजी

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना एकत्रित मान्यता दिली. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूच्या विळुपुरम जिल्ह्यातला, जिंजीचा. महाराष्ट्राला या बाराव्या नावाचा अभिमान वाटला, आणि तो रास्तच आहे. पण जिंजी हे केवळ किल्ल्याचे नाव नाही. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी या तीन डोंगरांच्या पायथ्याशी त्याच नावाचे एक लहान गाव आहे. तिथे बाजार भरतो, धान विकायला येते, तिरुवण्णामलैकडे जाणाऱ्या बसगाड्या जुन्या तटबंदीजवळून जातात. या गावाचा आणि त्याच्या पंचक्रोशीचा स्वतःचा वारसा आहे, आणि तो यादीतल्या ‘लष्करी’ या एका विशेषणात मावत नाही. तो बाजूला ठेवला तर जिंजीतला मराठ्यांचा काळसुद्धा आपल्याला अर्धाच समजतो, असे माझे म्हणणे आहे.

आधी आपल्याला ठाऊक असलेल्या इतिहासापासून सुरुवात करू. १६७७मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजी महाराजांनी विजापूरकरांकडून जिंजी घेतली आणि लगेच तिच्या मजबुतीचे काम हाती घेतले. आंद्रे फ्रेरे या जेझुइट पाद्र्याने १६७८च्या पत्रात या नव्या तटांचे, खंदकांचे आणि बुरुजांचे वर्णन केले आहे. बारा वर्षांनी ही दूरदृष्टी कामी आली. रायगड पडत असताना राजाराम महाराज जिंजीला पोहोचले आणि स्वराज्याची राजधानी तिथे गेली. मोगल सेनापती झुल्फिकारखानाने १६९०मध्ये घातलेला वेढा १६९८च्या सुरुवातीला संपला. ‘सभासदाची बखर’ राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली गेली ती याच मुक्कामात. म्हणजे शिवचरित्राचा एक मूलाधार आपल्याला या तमिळ गावाच्या आश्रयाने मिळाला. आता प्रश्न असा, की हा किल्ला जवळपास आठ वर्षे कशाच्या बळावर टिकला? तटबंदी भक्कम होती हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. १६९२च्या अखेरीस संताजी घोरपड्यांनी कांचीजवळ अलीमर्दानखानाला पकडले, मोगल छावणीची रसद तोडली गेली, आणि वेढा घालणाराच वेढ्यात सापडून वंदवासीकडे मागे हटला. हे युद्ध जितके बुरुजांवर झाले तितकेच ते धान्यावर झाले. ते धान्य कुठून यायचे? या मुलखातली शेती पावसाचे पाणी मातीच्या बांधाने अडवणाऱ्या तळ्यांवर उभी आहे. तमिळमध्ये त्यांना ‘एरी’ म्हणतात. किल्ल्यातही चेट्टिकुळम आणि चक्करकुळम ही तळी आहेत, मोठाली धान्यकोठारे आहेत, आणि कल्याण महालात नळांनी पाणी खेळवलेले होते. वर्षानुवर्षे दोन सैन्ये ज्या प्रदेशावर जगली, तिथल्या कुणब्याने काय सोसले असेल याचा विचार जिंजीचा वेढा शिकवताना आपण करत नाही. आज जिंजीच्या बाजार समितीत जे भात येते ते त्याच प्रकारच्या शेतीतून येते. ती तळी गाळाने भरली तर किल्ल्याच्या इतिहासाचा एक जिवंत पुरावाच बुजेल.

मग गावाने स्वतः काय लक्षात ठेवले? मराठी वाचकाला हे उत्तर अनपेक्षित वाटेल. इथल्या लोककथेचा नायक देसिंग राजा आहे, म्हणजे तेजसिंह. औरंगजेबाने जिंजी ज्याच्या हवाली केली त्या स्वरूपसिंह बुंदेल्याचा हा मुलगा. १७१४मध्ये बाप वारला, अर्काटच्या नवाबाने थकलेल्या खंडणीचा तगादा लावला, आणि विशीतला हा तरुण मूठभर घोडेस्वार घेऊन नवाबाच्या फौजेवर चालून गेला आणि मारला गेला. त्याचा कारभार वर्षभरही टिकला नाही. त्याची भाषा तमिळ नव्हती आणि कूळही इथले नव्हते. तरी त्याच्यावर तमिळ कथागीते रचली गेली आणि १९६०मध्ये एम. जी. रामचंद्रन यांचा चित्रपटही आला. या कथेत देसिंगच्या बरोबरीने त्याचा मुसलमान मित्र उभा आहे, जो आपले लग्न सोडून रणात येतो आणि मित्रासाठी जीव देतो. लोकांनी कोण जिंकले याचा हिशेब ठेवला नाही. इमान कोणी राखले ते त्यांनी लक्षात ठेवले.

याहून खोल रुजलेली गोष्ट द्रौपदीची. जिंजीजवळच्या मेलच्चेरी या खेड्यातले द्रौपदी अम्मनचे मंदिर या संप्रदायाचे मूळ पीठ मानले जाते. परंपरा सांगते की, जिंजीच्या राजाला छळणाऱ्या असुराला मारण्यासाठी द्रौपदी इथल्या वनात पुन्हा प्रकटली. आल्फ हिल्टेबायटेल या अमेरिकी अभ्यासकाने १९८८मध्ये या संप्रदायावरच्या आपल्या ग्रंथाचा पहिला खंड काढला, तेव्हा ‘जिंजी ते कुरुक्षेत्र’ हा प्रवास त्याच्या शीर्षकातच घातला. या भागात द्रौपदीचा उत्सव म्हणजे गावाने मिळून महाभारत जगणे असते. दिवसा कथेकरी भारत सांगतो आणि रात्री तेरुक्कूत्तु हे लोकनाट्य रंगते. लाकडी मुकुट आणि भुजांवर लाकडीच अलंकार चढवलेले नट मृदंग, हार्मोनियम आणि मुखवीणेच्या साथीने पहाटेपर्यंत खेळतात. शेवटच्या दिवशी मोकळ्या जागेत मातीचा प्रचंड दुर्योधन उताणा घडवलेला असतो. त्याची मांडी फुटते, द्रौपदी आपले सोडलेले केस बांधते आणि संध्याकाळी भक्त निखाऱ्यांवरून चालतात. तो मातीचा देह दुसऱ्या दिवशी राहत नाही. पुढच्या उत्सवाला तो घडवायला पुन्हा तेच हात लागतात, आणि ते हात गावात राहिले पाहिजेत.

त्याहीपेक्षा जुने थर आहेतच. तिरुनाथरकुंड्रूच्या खडकावर चोवीस तीर्थंकर कोरलेले आहेत, आणि सत्तावन्न दिवस उपोषण करून देह ठेवणाऱ्या जैन मुनीचा प्राचीन लेख आहे. मेलसित्तामूरचा मठ आजही तमिळ जैनांचे धर्मपीठ आहे. पल्लव राजा महेंद्रवर्म्याने वीट, लाकूड, धातू आणि चुना यांवाचून देवालय कोरवल्याचे ज्या लेखात सांगितले तो मंडगपट्टूचा, तोही याच टापूत.

यावर एक आक्षेप येईल: मराठ्यांचे नाव जोडले नसते तर जिंजीला जगात विचारले कोणी असते का? आक्षेपात तथ्य आहे. मात्र नाव मिळणे आणि वारसा सांभाळला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावाने पर्यटक येतील, त्याने तळ्यातला गाळ निघणार नाही. उलट बाजूने तमिळ अभिमानी विचारेल की कोनार आणि नायक या राजवटींच्या किल्ल्याला मराठ्यांचे नाव का? नायकांनी किल्ल्याला वैभव दिले, वेंकटरमण मंदिर त्यांच्याच काळातले आहे, हे निर्विवाद. तरी ज्या जागेवर बुंदेला राजपूत तमिळ वीर होऊ शकला तिथे एकट्याच्या मालकीचा दावा कोणालाच शोभत नाही, आपल्यालाही नाही. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोककथा म्हणजे इतिहास नव्हे, आणि ज्या गावकऱ्यांचे कौतुक चालले आहे तेच जुने दगड घरबांधणीला नेतात. दगड गावोगाव जातात, हे खरेच. पण वेंकटरमण मंदिराचे घडीव खांब पुदुच्चेरीला नेले ते फ्रेंचांनी. आज ते तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर गांधीजींच्या पुतळ्याभोवती उभे आहेत. नासधुशीचा दोष एकट्या गरिबाच्या माथी मारता येणार नाही. आणि लोककथा घटनांचा पुरावा नसली तरी लोकांच्या मूल्यांचा पुरावा आहेच. तो नाकारणारा इतिहासकार स्वतःचेच साधन कमी करून घेतो.

महाराष्ट्रातून गडप्रेमींचे गट आता जिंजीला जातील. त्यांनी जरूर जावे, राजगिरी चढावी, राजाराम महाराजांना मुजरा करावा. पण खाली उतरल्यावर गाडी लगेच पुदुच्चेरीकडे वळवू नये. मेलच्चेरीला जावे, मेलसित्तामूरला जावे, राहण्याजेवण्याचे पैसे गावात खर्च करावेत, वाटाड्या गावातलाच घ्यावा. राजगिरीच्या वाटेवर कमलक्कण्णी अम्मनचे ठाणे आहे. तिथल्या उत्सवाला येणाऱ्या भाविकांना संरक्षित स्मारकाच्या नियमांचा जाच होऊ नये, याची काळजी पुरातत्त्व खात्याने घ्यावी. आणि महाराष्ट्र शासनाने जिंजीसाठी काही द्यायचे ठरवलेच, तर पुतळ्याआधी तिथल्या एका एरीचा गाळ काढायला द्यावे.