पाखरू उडवायचा हक्क

ज्वारी चिकात आली की आमच्या पाबळच्या रानात एकच काम उरतं, पाखरं राखायचं. दिवस उगवायच्या आत माळ्यावर चढायचं, गोफण फिरवायची, पत्र्याचा डबा वाजवायचा, घसा बसेपर्यंत हाकारायचं. माझी चाळीसेक वर्षं त्यात गेली. पाखरू उडवायचा हक्क कुणाला आहे, हा प्रश्न मात्र पडला तो भिगवणला, नावेत बसल्यावर.

सुगी उरकल्यावर गावातले आम्ही नऊ जण गाडी करून निघालो. शिक्रापूरवरनं चौफुला, मग सोलापूर रस्त्यानं पाटस, कुरकुंभ करत भिगवण. उजनीचं धरण १९८० साली झालं आणि भीमेचं पाणी मागं पार इथवर तुंबलं. आमची वेळ नदी तळेगाव ढमढेऱ्याच्या खाली भीमेलाच मिळते. म्हणजे आमच्याकडचं पाणी आमच्या आधीच तिथं पोचलेलं.

कुंभारगावच्या काठाला मासेमारांच्या नावा असतात. दोन नावा केल्या. इंजिन नाही, दोन वल्ही आणि उथळात रेटायला एक लांब बांबू. आमच्यातल्या दोघांनी हौसेनं वल्ही धरली तर नाव जागच्या जागी गरगर फिरली. मग नाववाल्यानंच ती हातात घेतली आणि म्हणाला, "आता बोलू नका." सगळं आयुष्य पाखरांवर ओरडलेली माणसं आम्ही, पण गप बसलो. वल्ह्यावरनं गळणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं.

काळ्या अंगाचं, कपाळावर पांढरा टिळा असलेलं एक पाखरू थव्यानं पोहत होतं. त्याला वारकरी म्हणतात. पंढरपूरला जाणाऱ्या नदीवर हे नाव कुणी ठेवलं असेल, त्याला नमस्कार. पट्टकदंब नावाची बदकासारखी पाखरं होती, डोक्यावर दोन काळे पट्टे. ती हिमालय ओलांडून येतात. आणि पुढं उथळ पाण्यात रोहित उभे होते, शेकड्यानं. धरणाचं पाणी उतरलं की काठाचा गाळ उघडा पडतो, तेव्हा त्यांची जेवणाची वेळ. चोच उलटी करून पाण्यात घालायची, चिखलपाणी गाळून बारीक किडे, शेवाळ खायचं. मान वर करायलाही त्यांना सवड नव्हती.

आमच्यातला एक जण म्हणाला, "जरा जवळ घ्या की. उडाले तर पंखातला लाल रंग दिसंल."

नाववाल्यानं बांबू चिखलात रोवला, नाव थांबवली आणि म्हणाला, "जेवत्यात ती. जेवत्या माणसाला ताटावरनं उठवत्यात का?"

यावर कोण काय बोलणार? पण माघारी येताना आभाळात काळा ढग वळावा तसा एक थवा वळला. लांब झाला, गोळा झाला, पुन्हा फाकला. शेजारच्या नावेतली शहरातली मंडळी "वा, वा" करायला लागली. आमच्या नावेत एकदम शांतता. त्या भोरड्या होत्या. आमची कणसं मोकळी करणाऱ्या. पुस्तकात त्यांना पळसमैना म्हणतात. त्याही मध्य आशियातनं, हिवाळ्यापुरत्या आलेल्या पाहुण्याच. एक म्हातारा हळूच म्हणाला, "यांना आपण रोज ताटावरनं उठवतो, त्याचं काय?"

गाडीत रात्रभर त्यावरच चर्चा चालली. एकाचं म्हणणं, पाप ते पाप. दुसरा म्हणाला, पाखरू खातंय ते आपल्या लेकराच्या ताटातलं. मला दुसऱ्याचं पटतं, पण पुरतं नाही. पोटासाठी उडवणं आणि फोटोसाठी उडवणं एक नव्हे. माझ्या गोफणीमागं गरज आहे, आणि गरजेला शेवट असतो. ज्वारी घरी आली की मी गोफण खुंटीला अडकवतो; मग भोरडीनं माझ्या बांधावर दिवसभर बसावं. हौसेला असा शेवट नसतो. आजच्या नावेचं समाधान झालं की उद्याची नाव येते, आणि पाखराला प्रत्येक वेळी उठावंच लागतं.

दुसरी गोष्ट शहरातल्या वाचकाला सांगायची आहे. ज्या पाखरानं आपलं काही खाल्लं नाही, त्याच्यावर माया करणं सोपं असतं. भोरडीच्या थव्याचं कौतुक जरूर करा. पण तो थवा कुणाच्या रानातनं जेवून उठलाय, तेही विचारा. त्या जेवणाचे पैसे कुणी भरत नाही, शेतकरीच सोसतो. आणि आपण शेतकऱ्यांनीही ध्यानात ठेवावं की ही पाखरं टोळ, अळ्याही खातात. तो हिशेब आपण कधी मांडत नाही.

नाववाल्याचं मला म्हणूनच जास्त वाटतं. बोलता बोलता त्यानं सांगितलं होतं की आजाची जमीन याच पाण्याखाली आहे. शेत गेलं, मग मासे धरायला शिकले. बगळे, पाणकावळे त्याचेही मासे खातात. गिऱ्हाईक खूश झालं तर दोन पैसे जास्त मिळतात, आणि रोहित उडवले की गिऱ्हाईक खूश होतं, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक. तरी त्यानं बांबू रोवला. ज्याचं नुकसान झालंय आणि उडवण्यात ज्याचा फायदा आहे, त्यानं थांबायचं ठरवलं, तर त्या थांबण्याला किंमत आहे. आमच्यासारख्या पाहुण्यांना थांबायला काय लागतं?

गोफण मी टाकून देणार नाही. टाकली तर घरात भाकरी येणार नाही. पण यंदा बांधाकडच्या दोन काकऱ्या राखायच्या नाहीत असं ठरवलंय. घरात सांगितलं तर मुलगा हसला, म्हणाला, "आबा, पाखरांना कळणार हाय का आपल्या दोन काकऱ्या कुठल्या?"

नाही कळणार. मला कळतंय तेवढं पुरे.