मांडव किती घालणार?

गणपती जवळ आले की मुंबईहून रत्नागिरीकडे सुटणाऱ्या फुकट गाड्यांवर पक्षांचे फलक चढतात. चाकरमानी मागच्या सीटवर कोंबलेला, साहेबांचा फोटो मात्र ऐसपैस. निवडणूक आली की कुणबी मेळावा वेगळा, भंडारी मेळावा वेगळा, मच्छीमारांचा आणखी वेगळा. एकेक समाज जोडत गेलं की पक्ष वाढतो, असा हा हिशेब.

याच जिल्ह्यात एका पक्षाने निराळा हिशेब मांडला होता. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. मतांची गरज त्यांनाही होतीच. पुणे करारानंतर राखीव जागेवरचा उमेदवारसुद्धा सर्वांच्या मतांनी निवडून यायचा. पण त्यांनी जातवार मांडव घातले नाहीत, खोती या कोकणातल्या जमीनदारी पद्धतीला हात घातला. उभ्या भाताची अभावणी, म्हणजे पिकाचा अंदाज, करून खोत आपला वाटा ठरवी, वर वेठ होतीच. त्या जाचात कुणबीही होता आणि महारही. दोघांमधली शिवाशीव काही संपली नव्हती, पण खोत दोघांचा एकच होता.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कसेल त्या कुळाचा जमिनीवरचा हक्क कायद्याने मान्य करावा, ही मागणी त्यात होती. मला मात्र त्यातली दुसरी तरतूद फार मोलाची वाटते: खोताला वाजवी भरपाई. जो आपल्याला मत देणार नाही हे पक्कं ठाऊक आहे, त्याच्याही न्यायाचा विचार! आजच्या किती जाहीरनाम्यांत असा विचार सापडेल?

१० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. पंतप्रधान होते बाळासाहेब खेर (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्यालाही पंतप्रधानच म्हणत), जन्माने रत्नागिरीचेच. तरी विधेयक काही पुढे सरकलं नाही. खोती गेली ती १९४९च्या कायद्याने, खेरांच्याच दुसऱ्या कारकिर्दीत. तोवर स्वतंत्र मजूर पक्ष उरला नव्हता. १९४२ साली बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन केलं होतं. सत्तांतराच्या वाटाघाटींत अस्पृश्यांच्या वतीने बोलायला त्यांची स्वतःची संघटना हवी, ही त्या काळाची निकड होती. त्यासाठी त्यांना दोष देणं सोपं आहे, पण कुणब्याच्या शेतासाठी विधिमंडळात भांडणाऱ्या या नेत्याला कुणबी वाड्यांनी किती आपलं मानलं, हेही विचारायला हवं.