चुकण्याची मुभा

२०२५-२६मध्ये पहिलीला नवा अभ्यासक्रम आला. त्या पावसाळ्यात मी केंद्रप्रमुख म्हणून मुळशीत, ताम्हिणीच्या बाजूच्या एका द्विशिक्षकी शाळेत गेलो. एकाच खोलीत पहिली-दुसरी. पहिलीचं पुस्तक नवं, दुसरीचं जुनं. एका मुलानं बारा मण्यांचे चौदा मोजले. बाई गप्प राहिल्या. त्यानं पुन्हा मोजले आणि स्वतःशीच हसला.

नंतर बाईंनी दबकत विचारलं, "सर, दुसरीतली तीन मुलं अजून अक्षरं ओळखत नाहीत. तक्त्यात तसंच लिहू?"

मी म्हणालो, "बघा, जमवून घ्या."

परतताना ते वाक्य टोचत राहिलं. मुलाला चुकू द्या, असं आम्ही प्रशिक्षणात सांगतो; बाईंना मात्र खरं लिहायचीही मुभा नाही. तपासणाऱ्यापुढे माणूस उणीव झाकतो, सोबत्याला अडचण सांगतो. मला एकाच वेळी दोन्ही होता येईल का? पूर्णपणे नाही. पण खऱ्या आकड्याखाली सही करून, त्याचा जाब मी देईन, एवढं तरी म्हणता येतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. तक्ता नव्यानं भरला. मग पहिली मी सांभाळली. बाई त्या तिघांजवळ बसल्या.